चावी शेवटी फिरवायची

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधल्या एका शेडमध्ये ती जुनी मोटार उभी होती. फिकट आकाशी रंग, पुढच्या जाळीवर नुकतेच चढवलेले क्रोम, खिडकीच्या कोपऱ्यातली उघडता येणारी त्रिकोणी काच आणि आत स्टेअरिंगच्या दांड्यालाच लागून असलेला हातगिअर. मालकांनी मोठ्या आपुलकीने चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘मॅडम, आधी स्टार्टर मारून बघा, मग बोलू.’’ मी दाराकडे वळणार एवढ्यात बरोबर आलेल्या मिस्त्रींनी ती चावी माझ्या हातातून अलगद घेतली, स्वतःच्या खिशात टाकली आणि शांतपणे सांगितले, ‘‘ताई, चावी शेवटी फिरवायची. आधी आरसी बुक बघू, मग पत्रा बघू.’’

त्या क्षणी मला त्यांचा थोडा रागच आला. महिनाभर मी त्या गाडीची छायाचित्रे मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली होती. तिचा रंग हुबेहूब आमच्या बाबांच्या गाडीचा होता, आणि तो ओळखीचा आवाज कानावर पडल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते. मिस्त्रींना नेमके हेच टाळायचे होते. नाशिकच्या द्वारका परिसरात चाळीस वर्षे फियाट आणि अँबॅसिडर दुरुस्त करत आलेल्या या माणसाचे म्हणणे असे, की एकदा आवाज कानात शिरला की गिऱ्हाईकाला पुढचे काही दिसत नाही. जुन्या गाडीच्या सगळ्या दुखण्यांत इंजिनाचे दुखणे त्यातल्या त्यात सोपे असते. बोअरिंग करता येते, पिस्टन-रिंगा नव्या घालता येतात, व्हॉल्व्ह घासून बसवता येतात. सडलेल्या पत्र्याचे आणि बिघडलेल्या कागदांचे तसे नसते. त्या सकाळनंतरच्या दीड वर्षात नाशिक, सिन्नर, मालेगाव आणि एकदा थेट धुळ्यापर्यंत जाऊन मी आणखी दहा गाड्या पाहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी पाहण्याचा क्रम हाच ठेवला.

माझ्या मनात जी गाडी होती ती बाबांची प्रीमियर पद्मिनी. निफाडला त्यांचा दवाखाना होता. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ. आमची गाडी १९७७ साली घरी आली. तिच्यावर पद्मिनी असे लिहिलेले असले तरी घरात, दवाखान्यात आणि गावात तिला सगळे फियाटच म्हणत. रात्री-अपरात्री चांदोरीहून किंवा लासलगावहून बोलावणे आले, की बाबा शर्टाची बटणे लावता लावता बाहेर पडत आणि ओसरीवर झोपलेल्या मला आधी चोकचा आणि मग स्टार्टरचा आवाज ऐकू येई. पुढचे आसन अखंड असल्यामुळे आई आणि बाबांच्या मध्ये बसण्याची माझी जागा ठरलेली होती, आणि बाबांनी गिअर बदलला की त्यांचे कोपर माझ्या कपाळाला लागत असे. १९९६ साली ती गाडी विकली गेली. घेणारे गृहस्थ नगरकडचे होते. नंतर ती कुठे गेली याचा शोध लागला नाही, आणि खरे सांगायचे तर तो लागेल अशी अपेक्षाही मी ठेवली नव्हती. मला तशी एक गाडी हवी होती, आणि ती डोळे उघडे ठेवून घ्यायची होती.

या गाडीचा आपल्या नाशिक भागाशी एक धागा आहे, तो मला या शोधातच उमगला. कुर्ल्याला जिथे ती तयार होई ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभी केली. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर कारखाना उभारणारेही तेच. १९६४पासून कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट बनू लागली, पुढे इटलीच्या कंपनीशी असलेला करार संपल्यावर तिचे नाव आधी प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन मात्र शेवटपर्यंत त्याच घराण्यातले राहिले. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली आणि त्यानंतर या गाड्यांकडे पाहण्याची लोकांची नजर एकदम पालटली. काल भंगारात चाललेली वस्तू आज ‘क्लासिक’ म्हणून सांगितली जाऊ लागली.

‘क्लासिक’ हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी फार सैल असतो, म्हणून त्याचे मोजमाप आधी समजून घेतले पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे, मूळ स्वरूपात जपलेले आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरले जाणारे असावे लागते. आपल्याकडे २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, व्यापारी वापरात नसलेली आणि मूळ रचनेत मोठा बदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्यात येतात. नव्या नोंदणीसाठी २० हजार आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क असून तिची मुदत १० वर्षांची असते, आणि नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.

ही पाटी मानाची वाटते, आणि माझ्या परिचयातल्या दोघांनी केवळ त्या मानापायी तिच्यासाठी धावपळ केली. परंतु त्या नोंदणीत एक अट आहे, ती गाडी घेण्याआधीच वाचायला हवी. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला ती चालत नाही. ज्याला गाडी जपून ठेवायची आहे आणि वर्षातून दोनदा मिरवायची आहे, त्याला हे सोयीचे आहे. मला मात्र रविवारी सकाळी आईला निफाडला घेऊन जायचे होते. माझ्यासारख्यांनी साधी नोंदणी चालू ठेवावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२मध्ये त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५ हजारांवर गेले आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी १० हजारांवर, त्याखेरीज पर्यावरण कर असतो. हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच बोलणी करावीत.

माझे सगळे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. नोंद समोर आली की तिच्यामागचे व्हाउचर मागायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली. तरीही गाडीचे कागद वाचायला मला मिस्त्रींनी शिकवले, कारण आरसी बुकात जे लिहिलेले असते त्याच्याइतकेच जे खोडायचे राहून गेलेले असते तेही पाहायचे असते. सिन्नरच्या एका उत्तम अँबॅसिडरच्या पुस्तिकेत १९८१ सालच्या कर्जाचा बोजा अजून तसाच होता. कर्ज केव्हाच फिटलेले असणार, परंतु ते देणारी संस्था आता अस्तित्वात नव्हती, आणि तिच्या ना-हरकत पत्रावाचून बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ भरणार कोण? बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर निदान नव्या बँकेच्या दारात उभे राहता येते. संस्थाच बुडाली असेल, तर त्या नोंदीचा गुंता सोडवण्यात गाडीचा आनंद संपून जातो. ती गाडी मी सोडली, आणि आजही ती आठवली की हळहळ वाटते.

दुसरी गोष्ट नावाची. जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचे मूळ मालक हयात नसतात, आणि दाखवणारा मुलगा किंवा पुतण्या ‘आमचीच गाडी’ म्हणून दाखवत असतो. कायद्याने ती त्याच्या नावावर झालेली नसते. मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१ आणि इतर वारसांची संमती घेऊन गाडी आधी एका वारसाच्या नावावर चढते. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर येते. ‘सह्या केलेले कोरे फॉर्म देतो, तुम्ही बघून घ्या,’ असे म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याच ओघात आणखी एक पाहून घ्यावे. १९८९पूर्वीच्या, ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी क्रमांकाच्या कित्येक गाड्यांची नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत अजून चढलेली नसते. ती मूळ परिवहन कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरवरून चढवून घ्यावी लागते. हे काम विकणाऱ्याकडून करवून घ्यावे आणि मगच पैसे मोजावेत. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या जुन्या गाड्यांविषयी दुप्पट सावध राहावे, कारण तिथे १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या बाहेर ढकलल्या जातात, आणि ना-हरकत दाखल्याविना आलेली गाडी आपल्या नावावर होत नाही.

कागदावरचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहण्यासाठी मिस्त्रींची एक साधी पद्धत आहे. ठोकलेल्या अंकांवर पातळ कागद धरायचा आणि त्यावरून शिसपेन्सिल आडवी घासायची. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही, रंगाच्या थराखाली जे बुजलेले असते, ते कागदावर पांढऱ्या रेषांनी उमटते. मखमलाबादच्या त्या आकाशी गाडीचे बॉनेट उघडून त्यांनी असाच चेसिस क्रमांकाचा छाप घेतला. पुस्तिकेतले अंक आणि कागदावरचे अंक जुळत होते. मिस्त्रींनी मात्र कागद उजेडात धरून शेवटच्या दोन अंकांवर बोट ठेवले. आधीचे सगळे अंक एका ओळीत, सारख्या खोलीचे आणि सारख्या अंतरावर होते. हे दोन किंचित तिरपे होते, आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा कानस फिरवल्यासारखा गुळगुळीत झालेला होता. ‘‘हे नंतर ठोकलेत,’’ एवढेच ते हळू आवाजात म्हणाले. मालकांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की जुन्या गाड्यांचे असेच असते. मला वाटते त्यांनाही ती तशीच कुणीतरी विकली असावी. परंतु ज्या गाडीचा चेसिस क्रमांक संशयास्पद आहे, ती कितीही देखणी आणि कितीही स्वस्त असली तरी तिच्याकडे पाठ फिरवावी. इंजिन क्रमांकाचे थोडे वेगळे आहे. त्या काळात इंजिने सर्रास बदलली जात, पेट्रोलची काढून डिझेलची बसवली जात. असा बदल पुस्तिकेत रीतसर नोंदवलेला असेल तर भय नाही. नसेल, तर तो बेकायदेशीर बदल ठरतो आणि नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडते.

आम्ही तिथूनच परतू शकलो असतो, तरी मिस्त्रींनी मला पत्राही दाखवला, आणि पुढच्या दहा गाड्यांना मला तोच उपयोगी पडला. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. म्हणून जीपचा किंवा स्टँडर्ड हेराल्डचा वरचा पत्रा सडला तर तो उतरवून काम करता येते, परंतु पद्मिनीच्या किंवा अँबॅसिडरच्या दाराखालची पोकळ पेटी सडली, की गाडीचा कणाच खचतो. हे ओळखण्याची खूण दारांच्या फटींत असते. दाराच्या वरच्या आणि खालच्या बाजूला फट सारखी आहे का, ते पाहावे. मग जॅक लावून गाडीची एक बाजू उचलावी आणि त्या बाजूचे दार पुन्हा उघडून लावावे. जे दार जमिनीवर असताना अलगद लागत होते ते जॅकवर अडले, तर सांगाडा लवतो आहे असे समजावे.

घरच्या फ्रिजवरचा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून मी बरोबर नेला होता. फडके अशासाठी, की रंगावर ओरखडा उठू नये. तो बॉनेटवर ठेवला, चिकटला. पुढच्या दारावर ठेवला, चिकटला. मागच्या मडगार्डवर, चाकाच्या कमानीच्या अगदी वर ठेवला, आणि हात काढताच तो सरकत खाली येऊन पायाशी पडला. मी दोन बोटे बाजूला ठेवला, पुन्हा पडला. वीतभर लांबीच्या त्या भागात लोखंड जवळजवळ नव्हतेच. होती ती पुट्टी, आणि तिच्यावर आरशासारखा रंग. नंतर मिस्त्रींनी पायाखालची रबरी चटई उचलली. तिच्याखाली जुन्या फ्लोअरवरच नवा पत्रा ठिकठिकाणी टाके घालावेत तसा वेल्डिंगने चिकटवलेला होता, आणि दोन पत्र्यांच्या मधून ओलसर, कुबट वास येत होता. जुना पत्रा कापून न काढता त्यावर नवा बसवला, की मध्ये पाणी साचते आणि गंज आतल्या आत दोन्ही पत्रे खात जातो.

शेडच्या कोपऱ्यात खतांच्या गोण्या आणि मोरचुदाचे डबे रचलेले होते. द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने याकडे आवर्जून लक्ष द्यावे. आपली हवा कोकणाच्या मानाने कोरडी, त्यामुळे निफाड-सिन्नरकडच्या गाड्यांचा पत्रा सहसा चांगला टिकतो, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत किंवा इगतपुरीच्या पावसात काढलेल्या गाडीपेक्षा तो मला अधिक विश्वासाचा वाटतो. परंतु शेतावरच्या शेडमध्ये खते ओल धरतात, त्यांचे क्षार पत्र्यावर बसतात, आणि मोरचुदाचे पाणी तर लोखंडाला थेट खाते. गाडी कुठल्या गावची, एवढे विचारून भागत नाही. ती कशाच्या शेजारी उभी होती, हेही विचारावे लागते.

विकण्याच्या तोंडावर केलेल्या रंगाविषयी माझ्या मनात आता कायमचा संशय आहे. फिका पडलेला, खडूसारखा झालेला, इथे-तिथे पोपडे निघालेला मूळ रंग मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामागे काही लपलेले नसते. गंज असेल तर तो उघड दिसतो आणि त्याचा खर्च काढता येतो.

पत्र्यानंतर पाहायचे ते गाडीवर काय काय शिल्लक आहे. याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि पुढे त्याचाच सर्वांत जास्त मनस्ताप होतो. पद्मिनीचे ब्रेक-शू, क्लच प्लेट, पाट्यांचे बुश, वॉटर पंप असे चालते सामान आजही शोधले तर मिळते, कारण त्या गाड्या लाखोंनी धावल्या. मिळत नाही ते मूळ मीटर, दिव्यांच्या काचा, दारांवरच्या क्रोमच्या पट्ट्या, मूळ स्टेअरिंग, नावाची अक्षरे. मुंबईच्या चोर बाजारात एकेका पट्टीसाठी दिवस घालवणारी माणसे मी पाहिली आहेत. धुळ्याच्या गाडीचे इंजिन उत्तम होते, कागद चोख होते, पण आधीच्या मालकाने हौसेने आतले सगळे बदलून आधुनिक डॅशबोर्ड आणि बकेट सीट बसवले होते, आणि काढलेले सामान भंगारात दिले होते. गाडी पाहायला जाताना त्याच वर्षाच्या मूळ गाडीची चांगली छायाचित्रे छापून बरोबर न्यावीत आणि एकेक वस्तू त्यांच्याशी ताडून पाहावी. मॉडेल जितके दुर्मीळ, तितके हे काटेकोरपणे करावे. हेराल्डचे दार मिळवणे आणि अँबॅसिडरचे दार मिळवणे यांत फार मोठे अंतर आहे.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगता येईल. ते थंड असतानाच पाहावे. मालकाने आपण येण्याआधी ते तापवून ठेवले असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळते, आणि तसे असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळते आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून समाधान मानू नये. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, तिचे पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१४’ असेल तर ते टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले, आणि ते कितीही नवे दिसले तरी घाटात उतरण्याच्या लायकीचे नाही.

पेट्रोलचा प्रश्न मात्र आताच्या काळाचा आहे आणि त्याकडे गांभीर्याने पाहायला हवे. या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. शिशामुळे व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतात त्या कड्याला एक प्रकारचे संरक्षण मिळे. २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि जुन्या इंजिनांच्या वरच्या भागातली, म्हणजे हेडमधली, मऊ कडी वेगाने झिजू लागली. ज्यांनी हेडचे काम करताना कठीण कडी बसवून घेतली, त्यांची इंजिने तरली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगवते, हवेतली ओल धरते, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की टाकीला आतून गंज धरतो. म्हणून घेतलेल्या गाडीची पेट्रोलची सगळी रबरे पहिल्याच आठवड्यात इथेनॉल सोसणारी घालावीत, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीतल्या इंधनाचा आधी विचार करावा. इंजिनाला रोग लागण्याच्या कितीतरी आधी नळीतून ठिबकणारे पेट्रोल गाडी पेटवू शकते.

किमतीविषयी मी आकडे देणार नाही, कारण जुन्या गाडीला बाजारभाव असा नसतोच. विम्याच्या वेळीसुद्धा पाच वर्षांवरील गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. अनुभव एवढाच सांगते, की माझ्या गाडीच्या इंजिनाला जे लागले त्याच्या दुपटीहून अधिक तिच्या पत्र्याला लागले, आणि तो पत्रा तर चांगला होता. जवळची संपूर्ण रक्कम गाडी विकत घेण्यावर घालवू नये, तिचा मोठा हिस्सा पुढच्या कामासाठी हातात राखावा; घर बांधताना बाबाही असेच म्हणत.

ती मिळाली नाशिकरोडला, जेल रोडच्या आतल्या गल्लीत, एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये. १९७५ सालची पद्मिनी, मूळची पांढरी, आता जुन्या दातांच्या रंगाची झालेली. मालक जाऊन पाच वर्षे झाली होती. आजींनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात आरसी बुक होते, पहिल्या वर्षापासूनच्या विम्याच्या पावत्या होत्या, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल तारखेनुसार दोऱ्यात ओवलेले होते. शेवटच्या बिलावर २००९ साल होते. डब्याच्या तळाशी एक वही होती, त्यात मालकांनी प्रत्येक पेट्रोल भरण्याची लिटरसह नोंद ठेवली होती आणि शेवटच्या काही पानांवर अक्षर थरथरत गेले होते. मी कितीतरी वेळ ती वही हातात धरून बसले. त्या घरातल्या माणसाने गाडी कशी सांभाळली असेल हे सांगायला दुसऱ्या कशाची गरज नव्हती, तरीही मिस्त्रींनी खिशातून पातळ कागद आणि शिसपेन्सिल काढलीच.

अंक एकेक करून उमटले, सगळे एका ओळीत, सारख्या खोलीचे. लोहचुंबक चारही मडगार्डांवर चिकटला; उजव्या मागच्या दाराच्या तळाशी तेवढा घसरला, आणि तिथे गंज रंगाबाहेर येऊन स्वतःच दिसत होता. जॅकवर दारे लागली. क्रोमची एक पट्टी सोडली तर सगळे जागच्या जागी होते. मिस्त्रींनी प्लग काढून सिलिंडरांत थोडे थोडे ऑइल सोडले, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहिले. ते जाम झालेले नव्हते.

कागदांना तीन महिने लागले. आजींचा मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी. दोघांची संमतिपत्रे आली. १९७५च्या कर्जाचा बोजा पुस्तिकेत होता, पण ती बँक विलीन होऊन आजही उभी असल्यामुळे तिथून पत्र मिळाले. गाडी फॉर्म ३१ने आजींच्या नावावर आणि तिथून माझ्या नावावर झाली. गाडीची पन्नाशी भरत आली होती आणि ती भरल्यावर ‘व्हीए’ची पाटीही घेता आली असती, पण मी साधे नूतनीकरणच करायचे ठरवले आणि जुना तीन अक्षरी क्रमांक तसाच ठेवला. तोवर मिस्त्रींनी तिथेच गॅरेजात बसून टाकी धुतली, नळ्या बदलल्या, कार्बोरेटर उघडून साफ केला आणि नवी बॅटरी बसवली. एकदाही त्यांनी ती सुरू करून पाहिली नाही.

पैसे दिले त्या दिवशी आईलाही मी बरोबर नेले होते. आजी आणि आई गॅरेजच्या दारात शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसल्या. मी आत बसले, चोक ओढला आणि काचेतून मिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी हात पुसला, खिशातली चावी काढून खिडकीतून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘ताई, आता मारा स्टार्टर.’’